भाजलेल्या बाईचा संसार संपतो म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: "जास्त भाजलेल्या बाईला मूल होत नाही, कातडीला जाणीव राहत नाही, नवऱ्याने 2 वर्षं हात लावू नये नाहीतर व्रण वाढतात, आणि अशा बायकोपासून कायद्याने घटस्फोट मिळतो." खाली चार जणांचे हात जोडलेले इमोजी. मी स्वतः गॅसच्या भडक्यात छातीपासून मांडीपर्यंत भाजलेय, त्यामुळे गप्प बसवेना.

मुलाचं आधी. भाजते ती कातडी, गर्भाशय आणि अंडाशय आत असतात. खूप भाजल्यावर काही महिने पाळी चुकते ती शरीरावरच्या ताणाने, आणि बहुतेकींची परत सुरू होते. पोटावर व्रण असतील तर गरोदरपणात कातडी ओढते, खाजते, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगायचं. संपलं.

जाणिवेचं अर्धं खरं आहे. खोल भाजलं की नसांची टोकं जळतात, ग्राफ्टची, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून लावलेली जागा बधिर राहू शकते, पण माझ्या बाबतीत 2 बोटं सरकलं की कडेला नुसता पदर घासला तरी करंट बसतो. म्हणजे कुठे हात चालतो आणि कुठे नाही हे तोंडाने सांगावं लागतं, आणि नेमकं तेच आपल्याकडे कोणी बोलत नाही.

आणि "हात लावू नये" हे तर कहरच! जखम उघडी असेल, ग्राफ्ट नवीन असेल तर घर्षणाने फोड येतात, तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायचंच. पण जखम भरल्यावर व्रण मऊ पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि त्या काळात रोज मसाज करायलाच सांगतात, कारण ग्राफ्टच्या कातडीला स्वतःचं तेल सुटत नाही. 23 तास तो प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, उरलेल्या तासात अंघोळ आणि खोबरेल तेल. आमचे हे सुरुवातीला पापड उचलावा तसा हात लावायचे, मग मीच सांगायला लागले, इथे नको, जरा वर, अहो दाबा की! पुढचं सगळं आम्ही त्या तेलाच्या वाटीवरच शिकलो.

खरी अडचण या मेसेजमध्ये नाहीच. जांघेतली कातडी आखडली की पाय बाजूला घेताना जीव जातो. ओपीडीत मान वळते का, हात वर जातो का विचारतात, हे कोणी विचारत नाही, आणि आपण लाजतो. विचारलं तर व्यायाम, स्प्लिंट (सांधा ताणून धरणारी पट्टी), गरज पडली तर ऑपरेशन, सगळं आहे. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी इच्छा मरते तीही व्रणांच्या नावावर खपते, खरं तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते.

राहिला कायदा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये भाजणं, व्रण, रूप असलं कारणच नाही. कुष्ठरोगाचं होतं, तेही 2019 मध्ये काढून टाकलं. बायकोला सोडून जाणारे नवरे मी वॉर्डात पाहिलेत, पण त्यांना कुठल्या कलमाने सांगितलं नव्हतं. आणि भाजलेल्या पुरुषाच्या बायकोला असला मेसेज मी तरी अजून पाहिला नाही.