कोरल पांढरं पडल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून नेलेला एलईडी लाइट समुद्री मत्स्यालयावर लावल्यावर आठवड्याभरात लेदर पांढरट पडलं, झोआ मिटून बसले (दोन्ही मऊ कोरल, म्हणजे प्रवाळं). दुकानात विचारलं तर 'लाइट कमी करा' एवढंच उत्तर मिळालं, मग एवढे पैसे मोजून लाइट निम्म्यावर का चालवायचा, हा तुमचा सवाल. शिवाय आम्ही ॲक्रोपोरा, हॅमर ही दगडी कोरलं विकायला ठेवत नाही, हीही तक्रार. जपून वाढवलेलं कोरल डोळ्यांदेखत फिकं पडलं की जिवाला लागतं, त्यामुळे तुमचा राग समजतो. हाच लाइट आणखी बऱ्याच जणांनी नेलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही काउंटरवर ॲपचा स्क्रीनशॉट दाखवलात. लाइटचे सगळे चॅनेल (रंग) १०० टक्क्यांवर, सकाळी ९ ते रात्री ९. त्याआधी टँकवर जुन्या टी-५ (बारीक फ्लूरोसंट) ट्यूब होत्या. कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि कोरलचं पोट मुख्यतः त्यावरच चालतं. उजेड एकदम झेपेनासा झाला की याच शेवाळातून पेशींना घातक ठरणारा ऑक्सिजन तयार होतो आणि कोरल ते शेवाळ बाहेर टाकून देतं. तपकिरी रंग त्या शेवाळाचा असतो, तो गेला की कोरल पांढरं दिसतं. सावलीत वाढलेलं रोप थेट उन्हात ठेवल्यावर करपतं, तसंच हे. म्हणून बिलासोबतच्या कागदावर पहिल्या आठवड्यासाठी ३० टक्के लिहून दिलेलं असतं.

फसगत होते ती निळ्या उजेडामुळे. आपल्या डोळ्याला तो मंद वाटतो, म्हणून माणूस वाढवत जातो. कोरलला मात्र तोच सगळ्यात जास्त लागू पडतो. फोनमधलं लक्स ॲपसुद्धा माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतं, त्याच्यावर जाऊ नका. पार मीटर लागतो; पार म्हणजे शेवाळाला अन्न तयार करायला उपयोगी पडणारा उजेड. लेदर, झोआ, मशरूम अशा मऊ कोरलांना साधारण ५० ते १५० पार पुरतो. आमच्या डेमो टँकमध्ये हा लाइट १०० टक्क्यांवर वरच्या खडकाला ३०० च्या पुढे जातो. तो जोर खोल टँकसाठी आहे, तुमचा टँक दीड फुटाचा. कमी टक्क्यांवर एलईडी थंड चालतात आणि जास्त वर्षं टिकतात, त्यामुळे तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट तुम्ही बोलता बोलता सांगितलीत: त्याच रविवारी फिल्टरमधला कार्बन बदलला. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. नवा कार्बन पाण्यातला पिवळेपणा शोषतो, आणि तो गेला की तोच लाइट खाली जास्त पोचतो. त्यात एप्रिलचा उकाडा आणि पाणी थंड करणारा चिलर नाही. पाणी २८-२९ अंशांच्या वर राहिलं तर नुसत्या उष्णतेनेही कोरल शेवाळ टाकतं. तुमच्याकडे हे सगळं एकाच आठवड्यात जुळून आलं.

आता लाइट ३५ टक्क्यांवर आणा, हा ३५ टक्क्यांचा जोर दिवसाला आठ तासच ठेवा आणि दर आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त वाढवू नका. कोरलची जागा अजिबात बदलू नका. लाइट आणि जागा दोन्ही बदललं की कशाने फरक पडला ते कळत नाही. झोआ मान लांब करून वर ताणू लागले तर उजेड कमी पडतोय असं समजा. लेदर नीट जवळून बघा. अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा दिसत असेल तर ते कात टाकतंय, पंपाचा प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा निघून जाईल. पापुद्रा नसेल, पण अंग घट्ट असेल आणि वास येत नसेल, तर ते जिवंत आहे. पांढरं पडलेलं कोरल सावरू शकतं, मात्र काही आठवडे द्यावे लागतात.

ॲक्रोपोरा, हॅमर, टॉर्च आम्ही ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला आहे तेच संरक्षण. आपल्या मालवणच्या समुद्रातही ही प्रवाळं आहेत, ती तिथेच राहावीत असं आम्हाला मनापासून वाटतं. कुणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नका, विकणाऱ्याबरोबर बाळगणाराही अडचणीत येतो.

पार मीटर घेऊन आमचा मुलगा तुमच्या घरी येईल, पुण्यात याचे पैसे घेत नाही. संध्याकाळी सहानंतर दुकानाच्या नंबरवर वेळ सांगा. तोपर्यंत तापमान सकाळी आणि दुपारी तीनला लिहून ठेवा, आणि लाइटची काच मऊ कपड्याने पुसू नका, मिठाचा थर तसाच राहू द्या, म्हणजे आत्ता खरोखर किती उजेड पोचतोय ते मोजता येईल. मोजताना लाइटमध्येच दोष निघाला तर वॉरंटीत बदलून देऊ.