स्कॉटलंडच्या सार्वमतावर ‘कायमची बंदी’? निकाल तसं म्हणत नाही

‘ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉटलंडला स्वातंत्र्याचं मतदान घ्यायला कायमची बंदी घातली’, असा एक मजकूर फिरतोय. अर्धं खरं, अर्धं फुगवलेलं.

23 नोव्हेंबर 2022 चा तो निकाल, पाचही न्यायाधीशांचं एकमत. पण न्यायालयापुढचा प्रश्न मोजकाच होता: लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसद सार्वमताचा कायदा करू शकते का? उत्तर, नाही. कारण 1998 च्या स्कॉटलंड कायद्यात इंग्लंड-स्कॉटलंडचं एकीकरण हा विषय वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या, हाती राखून ठेवलाय. ‘आमचं मतदान फक्त सल्ल्यापुरतं आहे’ ही स्कॉटिश सरकारची पळवाटही चालली नाही. अशा कौलाला राजकीय वजन असतंच, असं न्यायालय म्हणालं. मला तर ते पटतं. लोकांनी कौल दिल्यावर ‘सल्ला होता’ म्हणून कोण गप्प बसणार?

म्हणजे दार बंद नाही, किल्ली लंडनकडे आहे. 2014 च्या सार्वमतासाठी ती मिळाली होती. 2012 मध्ये ब्रिटिश आणि स्कॉटिश सरकारांत एडिनबरो करार झाला, स्कॉटलंड कायद्याच्या कलम 30 खाली अधिकार तात्पुरता दिला गेला, आणि 18 सप्टेंबर 2014 ला सोळा वर्षांच्या मुलांनीही मत दिलं. स्वातंत्र्याच्या विरोधात 55.3 टक्के.

आणि असं सार्वमत ‘पिढीतून एकदाच’ हा नियम? तो प्रचारातला शब्द, कायद्यात कुठेच नाही. उत्तर आयर्लंडसाठी मात्र ब्रिटनमधून बाहेर पडण्याबद्दलच्या दोन मतदानांत किमान सात वर्षांचं अंतर कायद्यातच लिहिलंय.