जायफळाच्या मेसेजबद्दल खुलासा

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'रोज रात्री दोन चमचे जायफळ पूड दुधातून घ्या, झोपेची गोळी आजच बंद करा.'

कृपया असं करू नका. श्रीखंडात किंवा बासुंदीत उगाळून घालतो तेवढ्या जायफळाने काही होत नाही. पण साधारण 5 ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांच्या आसपास, पोटात गेलं तर छातीत धडधड, उलट्या, तोंडाला कोरड, अगदी भासही होऊ शकतात. परिणाम दिसायला काही तास लागतात. तोवर 'काहीच फरक नाही' म्हणून माणूस आणखी घेतो, ही खरी भीती.

गोळी बंद करण्याचा सल्ला तर त्याहून घातक. बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम सोडली की झोप आणखीच उडते; काही गोळ्यांच्या बाबतीत फिटसुद्धा येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवायचा.

शेतीपंपाची लाइट रात्री आली की उसाला पाणी पाजायला जागावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण संध्याकाळचा चहा टाळता येतो: त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते. उठायची वेळ शक्यतो एकच ठेवा.

आठवड्यातल्या 3 रात्री नीट झोप लागत नाही, असं 3 महिने चाललं, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनावर ताण असेल तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे.