शून्य नायट्रेट आणि उपाशी टोडस्टूल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) पाळण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण आकडे देऊन लिहिलीत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. त्याआधी तुमची शेवटची ओळ: 'आता सगळे दगड उकळून नव्याने सुरुवात करणार.' कृपा करून हे करू नका. त्या दगडांवर झोआ (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. झोआ आणि त्यांच्या भावकीतल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं केलेलं हे विष अतिजहाल विषांमध्ये मोडतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर खोलीभर पसरतं. अशाने घरातली सगळी माणसं श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी आहेत. दगड घासायचेच असतील तर पाण्याखाली घासा, हातमोजे आणि गॉगल घालून, आणि मुलांना लांब ठेवून.

आता मूळ तक्रार. मी सॉफ्ट कोरलना 'नवशिक्यांना जमतील असे' म्हटलं. तुम्ही भारी स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घेतला, आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी वापरलं, रिमूव्हर (हे क्षार शोषणारं द्रव्य) टाकून नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलं. तरी झेनिया हे सॉफ्ट कोरल विरघळलं आणि टोडस्टूल (छत्रीच्या आकाराचं लेदर कोरल) आठ दिवस मिटून बसलं. शिवाय माझ्याच टँकच्या काचेवर शेवाळ दिसतं, तर मी काय शिकवणार?

शेवाळ आहेच. मागची काच मी मुद्दाम घासत नाही, गोगलगायी चरतात तिथे. ज्या पाण्यात शेवाळाला खायला काही उरलेलं नाही, त्यात कोरलचेही हालच होतात. कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवालं प्रकाशावर साखर तयार करून त्याला पोसतात, पण त्यांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. प्रवाळखडकांभोवतीच्या समुद्रात हे क्षार नावापुरतेच असतात, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण तिथे प्रवाहाबरोबर दिवसरात्र प्लवक येत असतं, माशांची विष्ठा पडत असते. तुमच्या दोनशे लिटरच्या टँकमध्ये दोनच क्लाउनफिश आहेत, आणि त्यांनाही तुम्ही दिवसाआड खायला घालता. वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरून ठेवणारा चिकट थर आलाय म्हणता, ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एक प्रकारचे सूक्ष्म एकपेशी जीव. दोन्ही आकडे शून्यावर गेले की त्यांचं फावतं.

सॉफ्ट कोरलसाठी नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलं तर मी निश्चिंत असतो. रिमूव्हर काढा, स्किमर काही तासच चालवा, माशांना रोज खायला घाला. आकडे हळूहळू वर येऊ द्या.

टोडस्टूल मेलंय असं मला वाटत नाही. लेदर कोरल अधूनमधून कात टाकतात. पॉलिप (वरची फुलासारखी तोंडं) आत ओढून घेतात, वरचा भाग मेण चढवल्यासारखा चकाकतो, आणि काही दिवसांनी ती पातळ साय वर बसलेल्या शेवाळासकट सुटून जाते. आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. वेव्हमेकरचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) झोत थेट नको, पण पाणी अंगावरून खेळतं हवं. दर दोन तासांनी बोट लावून बघू नका! मांस काळपट, लिबलिबीत होऊन घाण वास आला तरच ब्लेडने सडका भाग कापून टाका, उरलेलं बहुतेक वेळा तगतं.

कार्बनला (पाणी गाळायच्या कोळशाला) तुम्ही 'दुकानदारांचा धंदा' म्हणालात. लेदर आणि फिंगर कोरल शेजाऱ्यांना दाबायला पाण्यात टर्पीन ही रसायनं सोडतात, ती कार्बन शोषून घेतो. समुद्रात ती विरून जातात, पेटीत साठतात. महिन्याला एक पिशवी बदलायला फार खर्च येत नाही.

'तुमचं वाचून लोक वरळीच्या खडकांवरून कोरल खरवडून आणतील' हा टोमणा मात्र मी गंभीरपणे घेतो. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेतली वरळी-हाजी अलीची प्रवाळं २०२० मध्ये हलवायला महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. किनाऱ्यावरून काहीही उचलू नका. दुसऱ्या हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेला तुकडा घ्या, तो टिकतोही जास्त.

राहिली झेनिया. तुम्ही दिलेल्या दोन नोंदींत खारेपणा (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२४ आणि आठवड्याने १.०२८ आहे. माझा संशय इथेच आहे. टँकचं पाणी गार ठेवायला पंख्यावर भागतं असं मी लिहिलं ते पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्याबद्दल. ठाण्याच्या दमट हवेत पंख्याने पाणी तितकं गार होत नाही, म्हणून तुम्ही पंखा चोवीस तास चालवलात, पाणी उडत राहिलं, आणि भर घातलीत मिठाच्याच पाण्याची. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. भर साध्या आरओ-डीआयच्या पाण्याची, रोज, खुणेपर्यंत. आता खारेपणा एकदम उतरवू नका, चार-पाच दिवस घ्या. आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणावर तपासा. साध्या पाण्यावर बरोबर शून्य दाखवणारं यंत्रही पस्तीसला चुकू शकतं.