गिफ्टच्या आधी लूकचं शुभवर्तमान

नाताळावरच्या एका लेखात म्हटलंय की आधी घरात येशूची जन्मकथा वाचा, मग गिफ्ट उघडा, अन् सांता पूर्ण बंद करा. त्यातलं पहिलं एकदम पटलं. आम्ही नागपूरचे, डिसेंबर लागला की सदर भागात जिकडे तिकडे स्टार, केक अन् सांताच्या टोप्या, पोरांना वाटते नाताळ म्हणजे एवढंच. चार वर्षांआधी धाकट्याला विचारलं बर्थडे कोणाचा आहे रे, तर म्हणे सांताचा! हसलो सगळे पण मला लागलं ते, कारण महिनाभर आम्हीच करंज्या, कपडे आणि बर्डी बाजाराच्या चकरा यातच गुंतून होतो.

आता आगमनकाळाच्या (नाताळाआधीचा तयारीचा काळ) चारही रविवारी जेवणाआधी मेणबत्ती लावतो, पहिल्या रविवारी एक, मग दोन, असं चारपर्यंत. 24 च्या रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, पहिली 20 वचनं, पाच मिनिटं पण लागत नाहीत, मुलगी वाचते आणि आजी मधेमधे दुरुस्त करते (तिला पाठ आहे, चष्मा पण लावत नाही). बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांचं (पूर्वेकडचे ज्ञानी) मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आणि तिथे भेटी तीन सांगितल्यात, माणसं किती ते लिहिलंच नाही, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होऊन राहिला.

फक्त सांता पूर्ण बंद करा हे नाही पटलं बावा. ज्याच्यावरून सांता आला तो संत निकोलस चौथ्या शतकातला मायराचा (आजच्या तुर्कीतलं) बिशप होता, गरजूंना भेटी देणारा म्हणून ओळखला जातो, तेच सांगितलं धाकट्याला, तर आता शेजारच्या काकूंकडे करंज्यांचा डबा तोच घेऊन जातो, टोपी घालून.