एचटीटीपी/२ आलं म्हणून बॅच एंडपॉइंट मोडीत काढू नका

‘एचटीटीपी/२ मध्ये (वेबवर क्लायंट आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांची ही आवृत्ती) एकाच कनेक्शनवर हव्या तितक्या रिक्वेस्ट एकदम जातात, मग अनेक आयडी एकत्र मागणारी एपीआय, म्हणजे बॅच एंडपॉइंट, कशाला?’ हा दावा सर्रास शेअर होतोय. तो अर्धाच खरा आहे.

‘हव्या तितक्या’ जात नाहीत. एका वेळी किती स्ट्रीम (एका कनेक्शनवर समांतर चालणाऱ्या रिक्वेस्ट) चालू द्यायचे हे सर्व्हर ठरवतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ही मर्यादा मुळात १२८ आहे. पाचशे आयडी मागितले तर बाकीच्या रिक्वेस्ट रांगेतच.

‘खर्च वाचतो’ म्हणतात, तो नेटवर्कवरचा. कनेक्शन एकच लागतं, हेडर आकसतात, कबूल. पण टोकन (क्लायंटची ओळख) तपासणं, रेट लिमिट (ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट चालतील ती मर्यादा) मोजणं, लॉग लिहिणं आणि डेटाबेसला विचारणं हे सगळं पाचशे वेळा होतंच. बॅचमध्ये आयडींची यादी एकाच क्वेरीत जाते. सर्व्हर गुदमरतो तो इथे, आणि नेमकं हेच त्या दाव्यात नाही.

‘गूगलनेही बॅच बंद केलं.’ २०२० मध्ये बंद झाला तो वेगवेगळ्या एपीआयच्या रिक्वेस्ट एकत्र घेणारा सामायिक एंडपॉइंट. एकेका एपीआयचं स्वतःचं बॅच त्यात गेलं नाही.

‘एक आयडी चुकला की सगळा रिस्पॉन्स फुकट.’ हा दोष बॅचचा नाही, डिझाइनचा. समजा ७, ८, ९ मागितले आणि ८ डिलीट झालाय. सगळ्यालाच ४०४ (‘सापडलं नाही’चा कोड) देणं म्हणजे हाती असलेले ७ आणि ९ फेकून देणं. प्रत्येक आयडीपुढे त्याचा निकाल द्या: ७ चा रेकॉर्ड, ८ ‘सापडला नाही’, ९ चा रेकॉर्ड. क्लायंटनेही उत्तर आयडीवरून जुळवावं, क्रमावरून नव्हे. डायनमोडीबी या अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेसचं बॅच वाचन क्रमाची हमी देत नाही. एका वेळी १०० आयटम किंवा १६ एमबी इतकंच देतं आणि ज्या जमल्या नाहीत त्या ‘की’ (आयटमच्या ओळखखुणा) वेगळ्या परत करतं. ही प्रामाणिक रचना मला फार आवडते.

‘बॅचमुळे कॅशिंग, म्हणजे एकदा दिलेलं उत्तर साठवून पुन्हा वापरणं, जमत नाही’ हा दावेदारांचा मुद्दा मात्र बरोबर आहे. क्वचित बदलणारा, सगळ्यांना सारखाच दिसणारा डेटा असेल तर प्रत्येक रेकॉर्डला स्वतंत्र यूआरएल द्या, सीडीएन (उत्तरांच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारं जाळं) बाकीचं बघेल. बॅचमध्ये ३६ अक्षरी यूयूआयडी (एक प्रकारचे लांबलचक आयडी) दोनशे झाले तरी स्वल्पविरामांसकट यूआरएल साडेसात हजार अक्षरांच्या घरात जातो, एवढा लांब यूआरएल सगळीकडे चालत नाही, मग पोस्टकडे (यादी यूआरएलऐवजी रिक्वेस्टच्या आत पाठवण्याकडे) वळावं लागतं आणि कॅशिंग जवळपास संपतं. म्हणून बॅचला कमाल आयडींची मर्यादा हवीच. ती डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा, आणि ओलांडली तर गुपचूप यादी न कापता स्पष्ट ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची’चा कोड) द्या.