नवीन नागपूर होऊ द्या, पण वावरवाल्याला त्यात हिस्सा द्या

हिंगणा तालुक्यातल्या गोधनी आणि लाडगाव शिवारात ‘नवीन नागपूर’ उभं करायला मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. सुमारे ६९२ हेक्टरवर आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वित्त केंद्र. तेव्हापासून जो तो म्हणतो, ‘आता आपलं बीकेसी होणार’, म्हणजे मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलासारखं व्यापारी केंद्र.

व्हावं. मनापासून वाटतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, हिंगणा आमच्या शेजारचाच. आमच्या गावातली शिकलेली पोरं हिंजवडीला जातात, पगारातला मोठा वाटा खोलीभाड्यात घालतात आणि पोळ्यालाही घरी येत नाहीत. नागपूरला काम मिळालं तर शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी येतील. म्हाताऱ्या आईबापांसाठी ही लहान गोष्ट नाही.

पण बीकेसीचं नाव घ्यायचं तर ते उभं कसं राहिलं तेही पाहा. मिठी नदीकाठची ती जागा, बरीचशी दलदलीची. दक्षिण मुंबईतली कार्यालयांची गर्दी कमी करायची म्हणून १९७७ मध्ये तिथलं नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलं. त्यांनी भराव घातला, रस्ते केले आणि भूखंड विकून मोकळे झाले नाहीत, तर ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. शेअर बाजार आला, हिरे बाजार आला, जागेचा भाव चढत गेला आणि प्राधिकरणाची तिजोरी भरत गेली. मुंबईच्या मेट्रोलाही त्या जागेच्या पैशाचा हातभार लागला.

आमच्याकडे दलदल नाही. वावरं आहेत. पराटी, तूर, संत्र्याच्या बागा. ते वावर घेताना शेतकऱ्याला एकदाच चेक मिळतो आणि नंतर त्याच मातीवर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचं उत्पन्न चालतं. जागा भाड्याने देऊन जपायची असते हे प्राधिकरणाला कळतं, तर मग ज्याची जागा आहे त्यालाच ‘विकून मोकळा हो’ का म्हणता?

जमीन घेताना मिळणाऱ्या चौपट मोबदल्याचं फार कौतुक होतं. पण चौपट कशाच्या? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढायला मागच्या तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीखतं पाहतात. आणि खेड्यात खरेदीखतावर काय भाव लिहिला जातो, हे आपल्याला सांगायला नको. कागदावर कमी, हातात वेगळा. त्या कागदावरच्या आकड्याची चौपट म्हणजे पुष्कळदा आजचा खरा भावही नसतो.

मागच्या महिन्यात तिकडच्या नात्यातल्या एका काकांकडे बसलो होतो. सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. आठ नावं. त्यात तीन बहिणी, एक मयत, वारसांचा फेरफार राहिलेला. काका म्हणाले, “दलाल रोज धुऱ्यावर गाडी लावून उभा रायते. म्हणते, आताच सही करा, मंग भाव पडते.” काकूंचा प्रश्न एकच होता: “पैसा आला तं पोरं गाड्या घेतीन. मंग खातीन काय?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कोणी म्हणेल, समृद्धी महामार्गाच्या वेळी विकसित भूखंड देऊ केले होते, लोकांनी रोख रक्कमच पसंत केली. खरं आहे. ते भूखंड ज्या नवनगरात मिळणार, ते महामार्गालगतचं नवनगर कधी होईल याचा भरवसा नव्हता म्हणून. भरवसा नसेल तर तो निर्माण करायचं काम सरकारचं आहे, शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. तिथे नगर उभं राहिलं आणि मालकही टिकले. म्हणजे हे महाराष्ट्रात होऊन गेलेलं आहे.

आणि मजूर? सरकारने जमीन थेट विकत घेतली तर सही फक्त सातबाऱ्यावाल्याची. ज्या बाया वर्षानुवर्षं त्याच वावरात कापूस वेचायला जातात, त्यांचं नाव कोणत्याच कागदावर नाही. त्यांच्या पोरांना तिथल्या कामाचं प्रशिक्षण आणि नोकरीत प्राधान्य हवं, आणि तेही करारात लिहून.

तिकडच्या भावांनो, दर किती ते नंतर विचारा. आधी विचारा की भूखंड भाड्याने गेले तर त्या भाड्यात आमचा वाटा किती, आणि किती वर्षं. ग्रामसभेत ठराव घ्या. वारसांचे फेरफार आताच करून घ्या, बहिणींना विश्वासात घ्या. मोजणीला माणसं येतील त्या दिवशी विहीर, मोटर, पाइपलाइन, एकेक संत्र्याचं झाड पंचनाम्यात चढवा आणि प्रत हातात पडल्याशिवाय सही करू नका.